वाट पाडणे आणि वाट राखणे : ॲपालॅचिअन पायवाटेवरील स्वयंसेवी श्रमाचा इतिहास

(१)

मराठीत ‘वाट’ या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे पाहिली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. वाट सहसा ‘बांधली’ जात नाही. ती ‘पडते’ अथवा ‘पाडली’ जाते, ‘मळते’, ‘मोडते’ आणि ‘बुजते’. रस्ता बांधता येतो, पूल बांधता येतो. वाटेचे अस्तित्व मात्र तिच्यावरून जाणाऱ्यांच्या पावलांवर अवलंबून असते. ‘वाट’ हा शब्द संस्कृत ‘वर्त्मन्’ या शब्दापासून प्राकृतातून मराठीत उतरला असून त्याचा मूळ संबंध चाकाने उमटविलेल्या चाकोरीशी आहे. इंग्रजी ‘ट्रेल’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला व त्याच्या मुळाशी ओढण्याचा अर्थ आहे. जमिनीवरून ओढत नेलेल्या वस्तूचा मागे राहिलेला माग तो ‘ट्रेल’. म्हणजे या दोन्ही भाषांनी वाटेची कल्पना हेतुपुरस्सर केलेली रचना म्हणून केलेली नाही. येण्याजाण्यातून मागे उरलेली खूण म्हणून केली आहे.

विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या कल्पनेच्या अगदी उलट असा एक उपक्रम घडून आला. जॉर्जिया संस्थानातील स्प्रिंगर पर्वतापासून मेन संस्थानातील कटाडिन पर्वतापर्यंत, चौदा संस्थानांतून जाणारी, सुमारे २,२०० मैल लांबीची ॲपालॅचिअन पायवाट आधी कागदावर कल्पिली गेली व नंतर जमिनीवर उतरली. ती पाडण्याचे काम मुख्यतः स्वयंसेवकांनी केले आणि ती राखण्याचे काम आजही तेच करीत आहेत. आठ-दहा अनोळखी माणसांनी एकत्र यावे, एक आठवडा डोंगरात राहून कुदळ-फावडे चालवावे आणि मोबदला न घेता परत जावे, ही तेथील आता रुळलेली प्रथा होय. ही प्रथा कशी निर्माण झाली, तिने कोणता हक्क संपादन केला आणि तिच्या मर्यादा कोणत्या, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

(२)

ॲपालॅचिअन डोंगररांगांत विनामूल्य श्रमाची परंपरा स्वयंसेवकांपासून सुरू झाली असे समजणे चुकीचे ठरेल. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दक्षिणेकडील अनेक संस्थानांत सार्वजनिक रस्त्यांची डागडुजी कायद्याने सक्तीच्या केलेल्या श्रमातून होत असे. धडधाकट पुरुषाने वर्षातील ठराविक दिवस रस्त्यावर काम करावे, अथवा त्याऐवजी पैसे भरावेत, असा तो नियम होता. जॉर्जियाने १९०८ साली कैद्यांना खासगी मक्त्याने देण्याची पद्धत बंद केली. पण त्याच कैद्यांना साखळदंडांसह सार्वजनिक रस्त्यांच्या कामावर धाडले. या कैद्यांत कृष्णवर्णीयांचा भरणा फार मोठा होता. म्हणजे ज्या प्रदेशात पुढे स्वेच्छेचा श्रम गौरविला गेला, त्याच प्रदेशात एका पिढीपूर्वी मार्ग करण्याचा श्रम हा सक्तीचा किंवा शिक्षेचा विषय होता.

खुद्द ‘व्हॉलंटिअर’ या शब्दाचा प्रवासही या संदर्भात बोधक आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत तो लष्करी परिभाषेत दिसतो. जो सक्तीने भरती झालेला नाही, स्वेच्छेने शस्त्र हाती घेतो, तो ‘व्हॉलंटिअर’. या शब्दाचा अर्थ सक्तीच्या पार्श्वभूमीवरच उमटतो. जेथे सक्तीची शक्यता नाही तेथे स्वेच्छेचा स्वतंत्र उल्लेख करण्याचे कारण उरत नाही.

उत्तरेकडील न्यू इंग्लंड विभागात चित्र वेगळे होते. बोस्टन येथे १८७६ साली स्थापन झालेल्या ॲपालॅचिअन माउंटन क्लबाने व्हाइट पर्वतांत पायवाटा पाडण्याचे काम हाती घेतले होते. व्हरमाँट संस्थानात १९१० साली ग्रीन माउंटन क्लब स्थापन झाला आणि त्याच्या सभासदांनी संस्थानाच्या दक्षिण सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी ‘लाँग ट्रेल’ १९३० पर्यंत पुरी केली. शहरातील नोकरदार, शिक्षक, वकील अशा मध्यमवर्गीयांनी सुटीच्या दिवशी डोंगरात जाऊन स्वतःच्या हातांनी वाट पाडावी, ही रीत या संस्थांनी घालून दिली. सक्तीचा श्रम ज्यांच्या वाट्याला कधीच आला नव्हता अशा वर्गाचा हा स्वेच्छाश्रम होता, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

(३)

ॲपालॅचिअन पायवाटेची कल्पना बेंटन मकाय (१८७९–१९७५) या वनशास्त्रज्ञाने ऑक्टोबर १९२१ मध्ये अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या मुखपत्रात मांडली. त्याच वर्षी त्याच्या पत्नीचा दुःखद अंत झाला होता, आणि मित्रांच्या आश्रयाने न्यू जर्सीतील एका शेतावर राहत असताना त्याने ही योजना सिद्ध केली. लेखाच्या शीर्षकात त्याने तिला प्रादेशिक नियोजनाचा प्रकल्प असे म्हटले होते, आणि हे विशेषण केवळ शोभेचे नव्हते. मकायच्या दृष्टीने पायवाट हे साध्य नव्हते, साधन होते. वाट, तिच्यालगतची निवाऱ्याची ठिकाणे, सामुदायिक वस्त्या आणि शेती-अन्नोत्पादनाची केंद्रे अशी चार अंगे त्याने कल्पिली होती. औद्योगिक शहरांतील माणसाला मिळणारा फुरसतीचा वेळ ही एक मोठी सामाजिक शक्ती आहे, ती करमणुकीत विरून जाऊ न देता सहकारी जीवनाच्या उभारणीस लावावी, हा त्याचा मूळ विचार. त्या विचारात स्वयंसेवकाचा श्रम हा खर्च वाचविण्याचा उपाय नव्हता. बाजाराच्या व्यवहाराबाहेर माणसे एकत्र काम करू शकतात, याचा तो प्रत्यक्ष पाठ होता.

योजनेचा स्वीकार झाला तो मात्र फार संकुचित अर्थाने. न्यूयॉर्क परिसरातील पदभ्रमण संस्थांनी बेअर माउंटन आणि हॅरिमन उद्यानांतील पहिला तुकडा १९२३ साली खुला केला. मार्च १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे ॲपालॅचिअन ट्रेल कॉन्फरन्स ही मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. मकायच्या चार अंगांपैकी पहिली दोन तेवढी टिकली. सामुदायिक वस्त्या आणि शेतीकेंद्रे कागदावरच राहिली.

ज्याने पायवाट जमिनीवर आणली तो मायरन एव्हरी (१८९९–१९५२) हा सागरी कायद्याचा वकील होता. वॉशिंग्टन परिसरात १९२७ साली स्थापन झालेल्या पोटोमॅक ॲपालॅचिअन ट्रेल क्लबाचा तो प्रमुख संस्थापक, आणि १९३१ पासून १९५२ पर्यंत मध्यवर्ती संस्थेचा अध्यक्ष. मोजणीचे चाक ढकलीत तो मैलामागून मैल चालला, आणि ठिकठिकाणी स्थानिक संस्था उभ्या करून प्रत्येकीकडे वाटेचा एकेक भाग सोपविला. या विभागणीचे महत्त्व मोठे आहे. आपला भाग आपण राखावयाचा, दरवर्षी झुडुपे तोडावयाची, पडलेली झाडे बाजूला करावयाची, झाडांवरील पांढऱ्या खुणा पुन्हा रंगवावयाच्या, ही जबाबदारी एका व्यक्तीची अथवा सरकारी खात्याची न राहता सलग चालणाऱ्या मंडळाची झाली.

मकाय आणि एव्हरी यांच्यातील मतभेद पुढे उघड झाला तो शेनान्डोआ उद्यानातील ‘स्कायलाइन ड्राइव्ह’ या मोटाररस्त्यावरून. डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या या रस्त्याने पायवाट अनेक ठिकाणी बाजूस सारली. एव्हरीचे म्हणणे असे की, सरकारने वाट हलवून दिली तरी चालेल, पण ती अखंड असली पाहिजे. मकायच्या मते मोटारींच्या शेजारून जाणारी वाट अखंड असूनही निरर्थक होती. हा वाद १९३५ साली विकोपास जाऊन दोघांचे संबंध तुटले. त्याच वर्षी मकायने इतरांसह वनप्रदेशांच्या रक्षणासाठी वाइल्डरनेस सोसायटी स्थापन केली. एकाला वाटेचा अर्थ हवा होता, तर दुसऱ्याला वाट हवी होती. वाट झाली नसती तर तिच्या अर्थाविषयीचा वादही उरला नसता, हे एव्हरीच्या बाजूने सांगावयास हवे. आणि तो अर्थ विसरला गेला असता तर पुढे तिच्या रक्षणासाठी कोणी उभे राहिले नसते, हे मकायच्या बाजूने.

(४)

पायवाट १४ ऑगस्ट १९३७ रोजी पुरी झाली. शेवटचा तुकडा मेन संस्थानातील स्पॉल्डिंग आणि शुगरलोफ या पर्वतांच्या मध्ये होता, आणि तो पाडणारे स्वयंसेवक नव्हते. महामंदीच्या काळात, १९३३ साली, स्थापन झालेल्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या सरकारी दलाचे ते तरुण होते. त्यांना महिन्याला ३० डॉलर मिळत आणि त्यांतील बहुतेक रक्कम सक्तीने घरी पाठविली जाई. १९४२ पर्यंत चाललेल्या या दलाने पायवाटेचे अनेक भाग आणि निवारे उभारले. स्वयंसेवकांची म्हणून गौरविल्या जाणाऱ्या वाटेच्या पायात बेकार तरुणांच्या वेतनी श्रमाचा हा थर आहे.

त्याखाली आणखी एक थर आहे. शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानासाठी व्हर्जिनिया संस्थानाने १९२८ साली विशेष कायदा करून जमिनी संपादन केल्या, आणि सुमारे पाचशे डोंगरी कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. ज्या उद्यानातून पायवाट जाते तेथे पिढ्यानुपिढ्या मळलेल्या गावच्या वाटा होत्या; त्या बुजल्या आणि त्यांच्या जागी फिरण्याची वाट आली. उद्यानात १९३९ साली लुइस माउंटन हे विश्रांतिस्थान केवळ कृष्णवर्णीयांसाठी वेगळे उघडण्यात आले. हा भेद १९५० पर्यंत पूर्णपणे मिटला नव्हता. दक्षिणेकडील टोकाचा प्रदेश तर चेरोकी लोकांचा. त्यांची १८३८-३९ मध्ये पश्चिमेकडे जी सक्तीची रवानगी झाली, तिलाही इंग्रजीत ‘ट्रेल’ असेच नाव आहे, अश्रूंची वाट. एकच शब्द हद्दपारीच्या मार्गालाही लागतो आणि सुटीतील विहाराच्या मार्गालाही लागतो, ही गोष्ट शब्दार्थाच्या अभ्यासकाने आणि इतिहासाच्या अभ्यासकानेही नोंदवून ठेवावयास हवी.

पुरी झालेली वाट फार काळ पुरी राहिली नाही. १९३८ च्या चक्रीवादळाने न्यू इंग्लंडमधील भाग झाडांखाली गाडला. त्यानंतर महायुद्धामुळे माणसे मिळेनात. व्हर्जिनियाच्या दक्षिण भागात ब्ल्यू रिज पार्कवे या नव्या मोटाररस्त्यामुळे वाटेचा एक लांबलचक भाग १९५० च्या दशकाच्या आरंभी पश्चिमेकडील डोंगरांत हलवावा लागला. १९४८ साली अर्ल शॅफर हा युद्धातून परतलेला तरुण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच हंगामात चालून गेला, तेव्हा ही वाट खरोखरच चालता येण्याजोगी आहे अशी अनेकांची नव्याने खात्री पटली. पाडलेली वाट न राखल्यास थोड्या वर्षांत मोडते, हा धडा या कालखंडाने शिकविला.

याहून मोठी अडचण कायद्याची होती. वाटेचा पुष्कळसा भाग खासगी जमिनीवरून जात असे, आणि तेथे जाण्याचा आधार म्हणजे मालकाचा होकार. तोही बहुधा तोंडी. मालक बदलला, घरे बांधली गेली, की वाट डांबरी रस्त्यावर येऊन पडे. मराठीतील ‘वहिवाट’ हा शब्द येथे आठवतो. वहिवाट म्हणजे दीर्घकाळ चालत आलेला वापर, आणि आपल्याकडील शेतीच्या तंट्यांत अशा वापरातून हक्क निर्माण होतो हे सर्वपरिचित आहे. ॲपालॅचिअन पायवाटेला मात्र वहिवाट होती आणि हक्क नव्हता. कारण परवानगीने केलेला वापर कितीही काळ चालला तरी त्यातून हक्क उत्पन्न होत नाही.

ही उणीव राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २ ऑक्टोबर १९६८ रोजी स्वाक्षरी केलेल्या राष्ट्रीय पायवाट कायद्याने भरून काढली. ॲपालॅचिअन आणि पश्चिमेकडील पॅसिफिक क्रेस्ट या दोन वाटांना राष्ट्रीय दर्जा मिळाला. १९७८ च्या दुरुस्तीने भूसंपादनासाठी नऊ कोटी डॉलरांची तरतूद केली. या संपादनालाही काही जमीनमालकांनी कडवा विरोध केला. आज वाटेचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग संरक्षित जमिनीवरून जातो.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. जमीन सरकारची झाल्यावर वाट राखण्याचे कामही सरकारकडे का गेले नाही? याचे उत्तर १९८४ च्या करारात आहे. राष्ट्रीय उद्यान खात्याने संपादित जमिनीच्या दैनंदिन व्यवस्थापनाची जबाबदारी ॲपालॅचिअन ट्रेल कॉन्फरन्सकडे सोपविली. ही संस्था २००५ पासून ॲपालॅचिअन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी या नावाने ओळखली जाते. सरकारी जमिनीचा कारभार एका खासगी स्वयंसेवी संस्थेच्या हाती देण्याचा हा प्रकार अपूर्व होता. साठ वर्षे वाट राखणाऱ्यांना मालकी मिळाली नाही. परंतु राखण्याचा अधिकार मिळाला. वहिवाटीने जमिनीवर हक्क सिद्ध झाला नाही, पण जबाबदारीवर झाला, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

(५)

आठवडाभराच्या श्रमाची प्रथा याच कालखंडातील आहे. तिचे एक मूळ विद्यार्थ्यांच्या चळवळीत सापडते. एलिझाबेथ कुशमन या विद्यार्थिनीने १९५५ साली व्हासार महाविद्यालयातील आपल्या प्रबंधात राष्ट्रीय उद्यानांच्या कामासाठी विद्यार्थ्यांचे दल उभारावे अशी सूचना केली, आणि १९५७ मध्ये ग्रँड टेटन व ऑलिंपिक या उद्यानांत पहिली पथके प्रत्यक्ष कामास लागली. १९७० आणि १९७२ च्या कायद्यांनी अनुक्रमे राष्ट्रीय उद्यानांत आणि राष्ट्रीय वनांत स्वयंसेवक घेण्यास मान्यता दिली. स्वयंसेवक हा सरकारी नोकर नव्हे; तथापि कामावर इजा झाल्यास त्याला नोकराप्रमाणे भरपाई मिळावी, अशी सोय या कायद्यांत आहे. ॲपालॅचिअन पायवाटेपुरते पाहिले तर नैर्ऋत्य व्हर्जिनियातील कॉनारॉक या गावी १९८३ साली सुरू झालेले पथक हे या प्रथेचे ठळक उदाहरण होय. हंगामात दर आठवड्याला नवी माणसे येतात. वेतन घेणारा पथकप्रमुख त्यांना काम शिकवितो. जेवण, निवारा आणि हत्यारे संस्था पुरविते.

या पथकांची गरज का भासली, हे वाटेच्या रचनेवरून कळते. १९२०-३० च्या दशकांत वाट पाडताना गती महत्त्वाची होती. झाडांवर खुणा करीत, धारेने सरळ वर चढत वाट नेली गेली. अशा वाटेवरून पावसाचे पाणी थेट खाली धावते, माती वाहून जाते आणि वाटेचा ओढा होतो. नव्या पद्धतीत वाट डोंगराच्या उतारावर आडवी कोरली जाते. तिचा बाहेरचा काठ किंचित उतरता ठेवतात, म्हणजे पाणी वाटेवर न धावता तिला ओलांडून खाली जाते. जेथे चढ टाळता येत नाही तेथे दगडी पायऱ्या बसवितात, आणि पाणी बाहेर काढण्यासाठी वाटेला तिरपे दगड किंवा ओंडके रोवतात. पायरीचा एकेक दगड पहारींनी हलवीत, चार-पाच माणसांनी मिळून जागेवर आणावा लागतो. १९६४ च्या कायद्याने राखून ठेवलेल्या वनप्रदेशांत यंत्रचलित करवत चालत नाही. तेथे दोघांनी ओढावयाची लांब करवतच वापरावी लागते. असे काम रविवारच्या फेरीत होत नाही. हात बसण्यास दोन-तीन दिवस लागतात, आणि एका आठवड्याच्या अखेरीस दाखविण्याजोगे जे उभे राहते ते बहुधा थोड्या पायऱ्या अथवा वाटेचा एक लहानसा तुकडा एवढेच असते.

आठवडा ही मर्यादा दुसऱ्या बाजूने नोकरदाराच्या रजेने ठरविली आहे. मकायने ज्या फुरसतीचा हिशेब मांडला होता तीच ही रजा. परंतु रजा सर्वांना सारखी मिळत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याला एक आठवडा विनामूल्य देणे म्हणजे आठवड्याची भाकरी देणे होय. काही संस्थांच्या उपक्रमांत तर स्वयंसेवकच सहभागाचे शुल्क भरतो. कामासाठी पैसे देणारा मजूर हा मजुरीच्या इतिहासात चमत्कारिक वाटेल. त्याचा खुलासा एवढाच की, त्याच्या दृष्टीने तो श्रम विकत नसून अनुभव घेत असतो. सरकारी तरतूद आखडली की हाच श्रम वेतनी कामगारांच्या जागी वापरण्याचा मोह होतो, ही त्यातील दुसरी अडचण आहे.

(६)

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही; मात्र त्याचे नाव ठरविताना सावध राहावे लागते. ‘श्रमदान’ हा शब्द लगेच सुचतो. १९५२ साली सुरू झालेल्या समूह विकास योजनेच्या काळात तो सर्वतोमुखी झाला, आणि गावोगावचे रस्ते त्या नावाखाली झाले. श्यामाचरण दुबे यांनी आपल्या १९५८ च्या ग्रंथात या श्रमदानाचे जे निरीक्षण नोंदविले ते आजही विचारार्ह आहे. रस्त्याचा लाभ प्रामुख्याने गाडी-बैल असणाऱ्या जमीनधारकांना झाला, मानही त्यांना मिळाला. खऱ्याखुऱ्या श्रमाचा भार मात्र ज्यांचा दिवसाचा रोज बुडाला अशा गरिबांवर पडला. अशा दानाचे दुसरे नाव मराठीत आधीपासूनच आहे. ते ‘वेठ’. संस्कृत ‘विष्टि’ पासून आलेला हा शब्द राजसत्तेने फुकट करून घेतलेल्या श्रमाचा वाचक आहे, आणि ‘वेठीस धरणे’ या प्रयोगात त्याची धार अजून बोथट झालेली नाही.

दान आणि वेठ यांतील सीमारेषा मोबदल्याच्या अभावावरून आखता येत नाही, कारण मोबदला दोहोंतही नाही. ॲपालॅचिअन पायवाटेच्या इतिहासावरून ती चार प्रश्नांनी आखता येते. काम करणाऱ्याला नकार देता येतो काय? कामाची मुदत आधी ठरलेली आहे काय? केलेल्या वस्तूचा उपभोग त्यालाही घेता येतो काय? आणि तिच्या व्यवस्थेत त्याला मत आहे काय? कॉनारॉकच्या पथकात चारही प्रश्नांना होकारार्थी उत्तर येते. दुबे यांनी वर्णिलेल्या श्रमदानात पहिलाच प्रश्न अडचणीचा ठरतो, आणि शेवटच्या दोहोंचे उत्तर बहुधा नकारार्थीच असते. आठवड्याची मुदत ही म्हणूनच केवळ सोयीची बाब राहत नाही. ज्या श्रमाला शेवट ठरलेला असतो, त्यालाच स्वेच्छेचा श्रम म्हणता येते.

या चार प्रश्नांना पाचवा जोडावयास हवा आणि त्याचे उत्तर सुखद नाही. जेथे ही वाट पडली तेथील आधीच्या रहिवाशांना कोणी विचारले होते काय? शेनान्डोआतील कुटुंबांना आणि चेरोकींना तो प्रश्न विचारला गेला नव्हता. पुढे आलेल्या स्वयंसेवकांनी ती सक्ती केली नाही, हे खरे. पण त्यांच्या श्रमाची भूमी त्या सक्तीने मोकळी झाली होती, हेही तितकेच खरे.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन या चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी आणि व्हर्जिनिया या संस्थानांत वाटेवर असंख्य झाडे पाडली, आणि करवती व पहारी घेतलेली पथके पुन्हा डोंगरात गेली. १९३८ साली जे घडले तेच शहाऐंशी वर्षांनी घडले. १९३७ साली ‘पुरी’ झालेल्या या वाटेला पुरी म्हणणे किती अपुरे आहे, ते यावरून दिसते. वाट पाडल्याची तारीख इतिहासात नोंदविता येते. वाट राखण्याला तारीख नसते, दरसालची पाळी तेवढी असते.